बॉनमच्या गावाला जाऊन आलो

शनिवार, लंडन

चायनाटाउनमधल्या जेरार्ड स्ट्रीटवर भाजलेली बदकं काचेआड टांगलेली असतात आणि पर्यटक त्यांचे फोटो काढत असतात. मला बदकांशी कर्तव्य नव्हतं. ऑगस्ट १९६८ मध्ये याच गल्लीतल्या एका तळघरात चार जण पहिल्यांदा एकत्र वाजवायला उभे राहिले. गिटारवाला जिमी पेज आणि बासवाला जॉन पॉल जोन्स हे लंडनच्या स्टुडिओंत मुरलेले वादक. गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बॉनम हे बर्मिंगहॅमच्या बाजूचे, विशीतले, खिसा रिकामा. पुढे या चौघांच्या रॉक बँडचं नाव लेड झेपलिन झालं. तळघर नेमकं कुठलं, हे सांगणारी पाटी काही मला दिसली नाही. लेक म्हणाली, "बाबा, कुठल्याही दारासमोर उभे राहा, मी फोटो काढते." राहिलो उभा.

थोडं स्वतःबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पासष्टीचा डोंबिवलीकर माणूस इंग्लंडमध्ये येऊन राजवाडे सोडून हे काय बघत हिंडतोय, असं वाटायचं. मी मुंबईच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो. दिवसा बँकेत खातेवही, रात्री कधी दादरला, कधी कोकणात एखाद्या जत्रेत. लेड झेपलिन पहिल्यांदा ऐकलं ते काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये, तिथल्या बूथमध्ये उभं राहून, रेकॉर्ड विकत घ्यायची ऐपत नसताना. तेव्हापासून या बॉनमचे ठेके चोरून मी किती हिंदी गाण्यांत घातले असतील, ते गायकांनाही कळलं नाही.

पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने आपल्या बँडच्या दिवसांवर चांगलं जाडजूड पुस्तक लिहिलंय. बॉनमने एक ओळ लिहिली नाही, बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्याबद्दल आहे ते सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं आणि त्यात निम्मे दारूचे किस्से. ड्रमबद्दल बोलायचं तर सगळ्यांचं एकच, "काय बडवायचा!" मला हे कधी पटलं नाही. बडवणारे मी भरपूर पाहिलेत. त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही.

दुपारी हॅमरस्मिथला उतरून पुलावरून चालत बार्न्सला गेलो. हा जुना झुलता पूल २०१९ पासून मोटारींना बंद आहे, त्यामुळे थेम्सवर मधोमध उभं राहून वारा खाता येतो. पलीकडे चर्च रोडवर ऑलिम्पिक स्टुडिओ. आता तिथे सिनेमागृह आणि कॅफे आहे. याच इमारतीत १९६८ च्या शरदात पहिला अल्बम झाला. स्टुडिओतला वेळ छत्तीस तासांच्या आसपास आणि खर्च १,७८२ पौंड, असा हिशेब सांगतात. इंजिनीअर होता ग्लिन जॉन्स. त्याने सगळा ड्रम अवघ्या तीन-चार माइकांवर पकडला. आजकाल लग्नाच्या बँडलासुद्धा एका ड्रमसेटला दहा माइक लागतात.

त्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'मध्ये, बॉनमचा उजवा पाय असा काही धावतो की ऐकणाऱ्याला वाटावं, पायाने वाजवायचे किक ड्रम दोन आहेत. पॅडल एकच आहे. एका मात्रेत तीन, त्यातले शेवटचे दोन पायाने, आणि तरी ठेका हातातून सुटत नाही. आमच्यातल्या एकाने हे वाजवायला डबल पॅडल मागवलं होतं. पॅडल आलं, ती चीज काही आली नाही.

रविवार, हेडली

जावयाने गाडी काढली. लेक राहते त्या स्लाऊहून फार्नमवरून हॅम्पशायरमध्ये शिरलं की रस्ते बैलगाडीच्या वाटेइतके अरुंद होतात आणि दोन्ही बाजूंनी झाडं वर येऊन मिळतात. काट्यांच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकलेली होती. लेकीने थांबून ओंजळभर तोडली.

हेडली हे खेडं, आणि हेडली ग्रेंज हे तिथलं मोठं दगडी घर. १७९५ मध्ये आसपासच्या तीन गावांतल्या गोरगरिबांसाठी कामघर म्हणून बांधलं. कामघर म्हणजे पोटाला अन्न देणार, त्याबदल्यात राबवून घेणार आणि वर अपमान फुकट. नोव्हेंबर १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमधले शेतमजूर मजुरी वाढवा म्हणून उठले तेव्हा शेजारच्या सेलबर्नचं कामघर फोडून दुसऱ्या दिवशी जमाव इथे आला. घराची एकही खोली धड ठेवली नाही. आजारी मुलं होती तेवढी खोली मात्र सोडली. मुलांना खाटांसकट अंगणात आणून पांघरुणं घालून जपलं, अशी साक्ष नोंदलेली आहे. पुढे घर खासगी मालकीचं झालं आणि १९७० च्या सुमाराला बँडना भाड्याने मिळू लागलं. थंड, ओलसर, फारशा सोयी नसलेलं. पेजला तेच आवडलं.

घर आजही खासगी आहे. आत जाता येत नाही आणि कुणी जाऊही नये. रस्त्यावरून झाडांमागे छप्पर आणि धुराडी दिसतात, तेवढ्यावर भागवलं. मला खरं बघायचं होतं ते दिसणार नाही, हे ठाऊक होतंच. ते म्हणजे आतला जिना.

१९७०-७१ च्या हिवाळ्यात रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेली रेकॉर्डिंगची सगळी यंत्रणा, या घराच्या दाराशी उभा होता. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं मुळात १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर. बँडला ते काही केल्या जमत नव्हतं. मग बॉनमचा नवा लुडविग कंपनीचा ड्रमसेट आला आणि तो खोलीत न मांडता दारातल्या मोठ्या हॉलमध्ये मांडला. हॉल तीन मजले उंच, वर गोल फिरत जाणारा जिना. इंजिनीअर अँडी जॉन्सने दोनच माइक घेतले आणि ते ड्रमपाशी न ठेवता वरच्या मजल्यावरच्या कठड्यावरून खाली लोंबत सोडले. किकला वेगळा माइक नाही, समोरच्या कडकडणाऱ्या स्नेअर ड्रमला नाही. वरून येणाऱ्या आवाजाला बिन्सनच्या मशीनचा थोडा एको दिला. बस.

आता हे ज्याने कधी ड्रम लावला नाही त्याला साधं वाटेल. त्या काळी स्टुडिओत काय चालायचं ते सांगतो. किकचं पुढचं पान, म्हणजे ताणलेला पडदा, काढायचं, पोटात उशी कोंबायची, स्नेअरवर रुमाल टाकायचा आणि प्रत्येक नगाच्या तोंडाशी माइक. आवाज कोरडा, स्वच्छ, अगदी मेलेला. आमचे साउंडवालेही हेच करायचे. एकाने तर माझ्या किकमध्ये हॉटेलची गादी घातली होती. बॉनमच्या किकचा व्यास सव्वीस इंच, दोन्ही बाजूंना पान, आणि पानं सैल न ठेवता ताणलेली. एवढा मोठा ड्रम ताणून लावला की त्याला जोराने मारावं लागत नाही. त्याला बोलायला जागा लागते. जवळ कान नेलात तर नुसती काठी ऐकू येते. आवाज तयार होतो तो पंधरा-वीस फुटांवर, भिंतीला लागून परत येताना.

गिरगावात आमच्या चाळीचा लाकडी जिना असाच होता. गणपतीत तळमजल्यावर ढोलकी वाजायची आणि मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला रेलून ऐकायचो, कारण खाली नुसता टणत्कार, वर घुमारा. हे ज्ञान माझ्याकडे दहाव्या वर्षी होतं. नंतर स्टेजवर तीस वर्षं मला ते कुणी वापरू दिलं नाही.

गावातल्या पबात चिप्स खाल्ल्या. जावई म्हणाला, "बाबा, एवढ्या लांब येऊन धुराडं बघितलं." त्याच्या गाडीत परतताना तेच गाणं लावलं. सुरुवातीचे दोन बार, म्हणजे ठेक्याची दोन आवर्तनं, नुसता ड्रम. तो म्हणाला, "हे मी ऐकलंय कुठेतरी." ऐकलं असणारच. १९८६ मध्ये रॅपवाल्या बीस्टी बॉइजने ते दोन बार उचलून आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्याखाली घातले आणि त्यानंतर ते कुणीकुणी उचलले, त्याला गणती नाही.

सोमवार, स्लाऊ

पाऊस. घरीच. लेकीच्या जिन्यात टाळी वाजवून पाहिली. जिन्याला गालिचा आहे, आवाज जागच्या जागी मेला.

दिवसभर ऐकत बसलो. हेडलीतल्याच मुक्कामात एक गाणं अडलं होतं, 'फोर स्टिक्स'. पाच आणि सहाच्या मात्रांत लंगडत जाणारं. ते बसेना म्हणून वैतागून बॉनमने मध्येच लिटल रिचर्डच्या एका जुन्या गाण्याची सुरुवात वाजवली, पेजने वर गिटार चढवली आणि बघता बघता 'रॉक अँड रोल' उभं राहिलं. अडलेलं गाणं नंतर लंडनमध्ये झालं. बॉनमने प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरल्या आणि वाजवलं. दोनच टेक झाले, तिसरा त्याच्या अंगात उरला नव्हता, असं पेजने सांगितलंय.

या गाण्याची दुसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानचा दौरा संपवून पेज आणि प्लांट मुंबईत उतरले आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांच्या ताफ्याबरोबर दोन गाणी वाजवून पाहिली, 'फ्रेंड्स' आणि हेच 'फोर स्टिक्स'. बॉनम त्यात नव्हता. त्याच्या जागी तबला आणि ढोलक. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात एका रात्री दोघांनी वाजवलंही. स्टुडिओतलं ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मी त्या वेळी गिरगावात, पंधरा वर्षांचा, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मला पत्ता नाही! याचा राग आजही जात नाही.

ते मुंबईचं रेकॉर्डिंग ऐकताना मजा येते. लंडनमधला माणूस चार काठ्यांनी घाम गाळून जे ओढतो ते आपला तबलजी बसल्या बसल्या घेऊन जातो, कारण पाच-सहाचा हिशेब त्याला नवा नाही. पण मग गाणं सपाट होतं. त्यातली ओढाताण गेली की काही उरत नाही. मला बॉनमचंच आवडतं, हे तबलेवाल्या मित्रांनी माफ करावं.

मंगळवार, विंडसर

स्लाऊहून विंडसरची गाडी सहा मिनिटांत पोचवते. सगळे किल्ल्याकडे वळले, मी नदीकाठाने क्लूअरच्या दिशेने चालत गेलो. पेजचं तेव्हाचं घर इकडे होतं. ते शोधलं नाही. नदीवर थोडं वर ब्रे गाव आहे. तिथल्या स्टुडिओत एके काळी भुताखेतांचे सिनेमे निघायचे. २४ सप्टेंबर १९८० ला तिथे अमेरिकेच्या दौऱ्याची तालीम होती. बॉनम सकाळपासून व्होडका पीत होता. चौकशीत आकडा निघाला चाळीस मापांच्या आसपास. रात्री पेजच्या घरी झोपवला, दुसऱ्या दिवशी उठला नाही. झोपेत उलटी श्वासनळीत गेली. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी जाहीर केलं की आता बँड नाही.

बॉनमला विमानाची भीती होती आणि घरची ओढ भयंकर. आणि बँडचं आयुष्य म्हणजे विमान. १९७३ च्या दौऱ्यात भाड्याचं बोइंग ७२०, आत बार आणि ऑर्गन. रात्री वीस-वीस हजारांसमोर 'मोबी डिक'मध्ये वीस-तीस मिनिटं एकट्याने ड्रम, त्यातला काही भाग काठ्या टाकून नुसत्या हातांनी. मग हॉटेल. मग पुढचं गाव. १९७७ मध्ये ओकलंडला स्टेजमागे यांच्या माणसांनी आयोजकाच्या माणसाला बेदम मारलं, त्यात बॉनमही होता. चाहते हे प्रकरण गमतीदार किस्स्यांच्या रांगेत बसवतात. त्यात गंमत काही नव्हती.

आमचा टेम्पो होता, विमान नव्हतं. पण रात्री दोनला कार्यक्रम संपल्यावर हात थरथरत असतात, कान वाजत असतात, झोप येत नाही, आणि कुणीतरी बाटली काढतो, हे तंतोतंत तेच. आमच्यातले दोघे त्यातच गेले. माझी सुटका झाली ती सकाळी दहाला बँकेत मस्टर असायचं म्हणून.

परतीच्या गाडीत किल्ला बघून आलेलं एक गुजराती कुटुंब भेटलं. त्यांनी विचारलं, राणीच्या बाहुल्यांचं घर बघितलंत का. नाही म्हटलं. हळहळले.

बुधवार, रेडिच

लेकीने दोन दिवस रजा घेतली. रीडिंगवरून बर्मिंगहॅम, तिथून लोकल. रेडिच शेवटचं स्टेशन, कर्जत-कसाऱ्यासारखं.

बॉनमचा जन्म इथला, ३१ मे १९४८. वडील बांधकामाच्या धंद्यातले. पाचव्या वर्षी डबे बडवायला लागला, दहाव्या वर्षी आईने स्नेअर घेऊन दिला, पंधराव्या वर्षी वडिलांनी सेट. शाळा सुटल्यावर वडिलांच्या हाताखाली सुतारकाम. १९६८ मध्ये हा बँडमध्ये यावा म्हणून प्लांट आणि मॅनेजर पीटर ग्रँट यांनी तारांवर तारा पाठवल्या, त्याही एका पबाच्या पत्त्यावर. याला मात्र गायक जो कॉकरकडूनही बोलावणं होतं आणि नव्या बँडवर विसंबून राहायची त्याची तयारी होईना.

गावाच्या मध्यभागी मॉलच्या बाहेर मर्शियन चौकात त्याचा कांस्य पुतळा आहे, मार्क रिचर्ड्स यांनी घडवलेला. ३१ मे २०१८ ला, तो सत्तर वर्षांचा झाला असता त्या दिवशी, त्याचं अनावरण झालं. ड्रमवर बसलेला, काठ्या हवेत. मी मनगटं बघितली. शिल्पकाराने ती सैल ठेवलीत, घट्ट आवळलेली नाहीत. बडवणारा माणूस असा धरत नाही! शेजारच्या बाकावर एक बाई पिशवीतून सँडविच काढून खात होत्या. मी इतका वेळ का बघतोय म्हणून त्यांनी विचारलं, मी ड्रम वाजवायचो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या आईला याच्या सरावाचा फार त्रास व्हायचा."

बोलताना दुसरं कळलं ते लेकीला जास्त आवडलं. रॉयल एन्फिल्ड याच गावची. १९०१ पासून इथे मोटारसायकली बनत, १९५५ मध्ये मद्रासला बुलेट जोडायला सुरुवात झाली आणि १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला. कारखाना मेला, गाडी आपल्याकडे जगली. त्याआधी गावाची ख्याती सुयांची. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतेक सुया इथल्या. फोर्ज मिल इथे त्याचं संग्रहालय आहे. तिथे १७३० मधली, पाण्यावर चालणारी गिरणी आहे. सुया साबण आणि रेतीच्या भुकटीसोबत कापडात गुंडाळून त्यांच्या वळकट्या लाकडी फळ्यांखाली पुढे-मागे लोळवायच्या, तासन् तास, म्हणजे त्या चकाकतात. असल्या पुढे-मागे चालणाऱ्या यंत्रांच्या गावात एखाद्या पोराला ताल लागला तर नवल नाही, असं मी म्हटलं. लेक म्हणाली, "बाबा, मग इथले सगळेच ड्रमर झाले असते." बरोबर आहे तिचं.

मुक्काम बर्मिंगहॅमला. रात्री ब्रॉड स्ट्रीटच्या पुलावर ब्लॅक सब्बाथ या बँडच्या नावाचा बाक बघितला. त्यांचा ड्रमर बिल वॉर्डही याच मातीतला. त्याच्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

गुरुवार, रशॉक

ड्रॉइटविचला गाडीने, तिथून टॅक्सी. चालक मीरपूरचे, बर्मिंगहॅमला चाळीस वर्षं. रशॉक हे चार घरांचं खेडं, शेतांमधून वर चढणारा रस्ता, टोकाला सेंट मायकल चर्च. चालकाने विचारलं, "वहाँ कौन है?" म्हटलं, एक ड्रम वाजवणारा पुरलाय. ते म्हणाले, "अच्छा, पीर समझो."

कबरीपाशी गेलो तर त्यांचं खरंच वाटावं. दगडाच्या पायथ्याशी काठ्यांचा ढीग. कुणी खोचलेल्या, कुणी जोडी बांधून ठेवलेल्या, पावसाने फुगलेल्या, सह्या पुसट झालेल्या. एक झांजही होती. मी खाली बसून काठ्या बघितल्या, हात न लावता. बहुतेक कोऱ्या. दुकानातून आणून ठेवलेल्या. वाजलेली काठी लगेच ओळखू येते. हायहॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या जोडझांजेच्या, कडेवर घासून खांद्याशी खाच पडते, आणि रिमशॉट, म्हणजे ड्रमच्या कडेसकट फटका, मारणाऱ्याची काठी मधोमध दबते. तशा मोजक्या होत्या. एकीचं टोक पार झिजलेलं, पण दांडा जवळजवळ साफ. हा माणूस टोकाने वाजवतो, मनगटातून. कुठला कोण, भेटला असता तर बरं झालं असतं.

माझी जोडी मी आणली होती, हिकरीच्या लाकडाची, शेवटच्या कार्यक्रमातली. ठेवली नाही. परत बॅगेत टाकली. लेकीने विचारलं, "का?" म्हटलं, "अजून वाजते ती."

टॅक्सीत चालक म्हणाले, "सुनाओ, क्या बजाता था." लेकीने फोन जोडून 'लेव्ही' लावलं. सुरुवातीचे दोन बार झाल्यावर ते म्हणाले, "ये तो आहिस्ता बजाता है." मी पुढे वाकून म्हटलं, "भाईजान, चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही." ते खूश झाले आणि त्यांनी बास वाढवायला बटणाकडे हात नेला. मी म्हटलं, बास राहू द्या, मागच्या काचा खाली करा. शेतातून वारा आत आला, आवाज बाहेर गेला. ड्रॉइटविच येईपर्यंत त्यांनी गाणं दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा लावणार होते, पण आमची बर्मिंगहॅमची गाडी चार मिनिटांवर होती आणि जिना चढून पलीकडच्या फलाटावर जायचं होतं.